उजवीकडची अकरा अक्षरं

माझ्या सासूबाईंना इंग्रजीची अकराच अक्षरं येतात. उरलेली पंधरा शिकायची त्यांना तिळमात्र इच्छा नाही. 'ती तुझी,' असं म्हणून त्या विषय संपवतात. यावर कुणी हसलं तर त्या रागावत नाहीत. हसणाऱ्याला त्याचं नाव विचारतात आणि त्यातली किती अक्षरं आपली आहेत ते ऐकवतात.

ही भानगड सुरू झाली माझ्या हातापासून.

मी घरी बसून टायपिंगची कामं करायची. नवरा बोटीवर, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावरच. घरात आम्ही दोघी. दोघींचीही तोंडं तिखट, त्यामुळे भांडणाला कारण लागायचं नाही. मी कामात गुंतलेली असते म्हणून घरात शांतता आहे, असं मी म्हणायची. त्या मशीनच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच येत नाही म्हणून शांतता आहे, असं त्या म्हणायच्या. टाइपरायटरचं तोंड बघायलाही त्या तयार नव्हत्या. धूळ पुसताना सगळं टेबल पुसायच्या, मशीनला वळसा घालून.

काम होतं कोशकाकांचं. काका शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि आता मुलांसाठी लांबलचक इंग्रजी शब्दांचं पुस्तक करत होते. शब्दकोशातला क्रम मुलांच्या काही कामाचा नाही, असं त्यांचं ठाम मत. ज्या शब्दांत सारखी अक्षरं आहेत ते एकत्र शिकवा, म्हणजे एकाचा हात धरून दुसरा डोक्यात शिरतो, असं ते म्हणायचे. म्हणून एका प्रकरणात दोन जी शेजारी-शेजारी असलेले शब्द, एकात सगळे पीएचवाले, एकात असे शब्द की ज्यांत ई सोडून दुसरा स्वरच नाही. काका एकेक अक्षर सुटं, मोत्यासारखं लिहायचे, आणि शब्दापुढे आपल्या भाषेत अर्थ. अर्थ छापखान्यात त्या हस्ताक्षरावरूनच जुळवत. पण इंग्रजी शब्द मात्र त्यांना टाइप केलेले लागत. ते माझं काम. मशीनही काकांचंच, कामापुरतं माझ्या घरी ठेवलेलं.

आमच्या बाहेरच्या खोलीची खिडकी रंग दिल्यापासून अडकायची. एका सकाळी मी तिला तळहाताने जोरात धक्का मारला. चौकट तशीच राहिली आणि काच फुटली. मनगटाला इतकी खोल लागली की आतल्या शिरा शिवाव्या लागल्या. उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत बांधून मी घरी आले, तर चौथ्याच दिवशी कोशकाका दारात.

बिचारे फार अवघडले होते. खुर्चीच्या अगदी कडेला बसून म्हणाले, "तुमची तब्येत आधी. पण छापखान्याने तारीख दिली आहे. दुसरी एक टायपिस्ट आहे, तिच्याकडे मशीन नाही. म्हणजे मला हे..."

"हात महिन्याभरात बरा होतोय," मी म्हटलं. डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. "टेबलावरचा हा प्रकरणांचा गठ्ठा मी वेळेवर देते."

"एका हाताने?"

"दुसरा आहे ना!"

काकांनी मान हलवली. "ठीक आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतो. गठ्ठा झाला असेल तर पुढची सगळी प्रकरणं तुमचीच. नाहीतर मग मला मशीन न्यावं लागेल. राग मानू नका."

राग कसला मानणार? माणूस सरळ बोलला होता. पण ते गेल्यावर माझ्या तोंडचं पाणी पळालं. हे काम गेल्याने आमची चूल विझणार नव्हती, नवऱ्याचा पगार येत होता. पण त्या मशीनसमोर बसले की मी कुणाची बायको नसते, कुणाची सून नसते. गल्लीतली माणसं मला टायपिस्टबाई म्हणतात आणि मला ते इतकं आवडतं की हाक आली की मी मुद्दाम उशिरा वळते, पुन्हा ऐकू यावं म्हणून. मशीन गेलं असतं तर हे सगळंच त्याच्याबरोबर उचलून गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या हाताने बसले. दोन जींचं प्रकरण. पहिला शब्द ॲग्रॅव्हेटेड, आणि तो एका दमात झाला! त्याची सगळी अक्षरं डाव्या हाताखालचीच. पुढचा एक्झॅजरेटेड, तोही तसाच. मला वाटलं, जिंकलं. मग आला एक साधा शब्द ज्यात एल, ओ, एन वगैरे मंडळी होती, आणि डावा हात छातीवरून पार पलीकडे न्यायचा, परत आणायचा, पुन्हा न्यायचा. अर्ध्या पानात माझ्या नाकी नऊ आले. खांदा भरून आला. मी टेबलावर मूठ आपटली आणि तोंडाला येईल ते बोलले.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "कुणाशी भांडतेयस?"

"उजवीकडच्या अक्षरांशी."

"ती काय म्हणतात?"

"लांब आहेत म्हणतात."

त्या आत गेल्या, स्टूल फरफटत आणलं, माझ्या उजव्या बाजूला ठेवलं आणि पदर खोचून बसल्या. "कुठलं दाबू, दाखव."

मला हसू आलं. पण मी बोट दाखवलं. त्यांनी दारावरची घंटा वाजवावी तसं ते बटण दाबून धरलं. "सोडा, आई, सोडा! टिचकी मारायची." त्यांनी टिचकी मारली. कागदावर एल उमटला. त्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

मशीनच्या उजव्या बाजूला अकरा अक्षरं असतात. बटणांवर ती मोठ्या लिपीत, काकांच्या कागदावर छोट्या. म्हणून मी चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यांच्या अकरा बटणांवर छोटी अक्षरं लिहिली. डाव्या हाताने लिहिलेली, म्हणजे कोंबडीचे पायच. सासूबाईंनी त्यांना स्वतःची नावं दिली. एच ही खुर्ची, एन कमान, एम जुळी कमान, यू खड्डा, जे गळ. पीला त्या पळी म्हणायच्या. आठवड्याभरात त्यांना अकराही पाठ झाली. लांबलचक आडवी पट्टी, जी दाबली की मोकळी जागा सुटते, तीही त्यांच्याकडे दिली. तिचं नाव काही ठेवलं नाही. "ती मोठी आहे, तिला नाव कशाला," म्हणाल्या.

सुरुवातीला आम्ही दोघींनी एकदम बटणं दाबायची आणि आतल्या दांड्या एकमेकींत अडकायच्या. "तुमची पाळी नव्हती!" "मग तू हुं म्हणायचं ना!" मी म्हणायची, "वाचता येतं ना कागदावरचं?" त्या म्हणायच्या, "माझी येतात. मधे तुझं काय चाललंय ते मला काय कळणार?" दिवसातून दहा वेळा आम्ही हातघाईवर यायचो आणि अडकलेल्या दांड्या सोडवताना दोघींचे हात काळे व्हायचे. मग हळूहळू लय बसली. माझी अक्षरं आली की त्यांचा हात हवेत थांबायचा, त्यांची आली की माझा. शब्द पुरा झाला की त्या चष्मा सरळ करून काकांच्या कागदावरचा अर्थ मोठ्याने वाचायच्या. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ठरवलं होतं की अर्थ वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

आणि अर्थावर त्यांची टिप्पणी असायचीच. आधी मी एकटीने मारलेल्या ॲग्रॅव्हेटेडचाही अर्थ वाचून त्या म्हणाल्या, "चिडवलेला, आणखी बिघडवलेला. यात माझं एकही अक्षर नाही?"

"नाही."

"बरोबर आहे. तुझाच शब्द आहे तो."

ई-स्वरवाल्या प्रकरणात एफर्व्हेसन्स आला. तेरा अक्षरं, आणि त्यात सासूबाईंची फक्त एक कमान, तीही शेवटाजवळ. मी टकटक चालले होते आणि त्या बोट उगारून बसल्या होत्या, जशी बस येईल की नाही या चिंतेत माणसं थांब्यावर उभी असतात. एन आला, त्यांनी टिचकी मारली, सुस्कारा सोडला. अर्थ वाचला: फसफसून वर येणं. "एवढ्या फसफसण्यात माझा वाटा एक!" म्हणाल्या. "वाटणी नीट झालेली नाही."

पण पीएचचं प्रकरण लागलं आणि त्यांचा भाव वधारला. फिलॉसफीत माझ्याकडे एक एस सोडून काही नव्हतं. पॉलिफनीत तर तेवढंही नाही. आख्खा शब्द त्यांनी एकटीने टाइप केला, मी हात मांडीवर ठेवून बसले. अर्थ होता: अनेकांनी वेगवेगळ्या चाली एकाच वेळी अशा गायच्या की कानाला गोड लागेल. "म्हणजे तुझ्या आईकडची लग्नाची बैठक," म्हणाल्या, "गोड लागण्याचं सोडून." मी त्यांना सांगून टाकलं की ओपिनियन हा शब्दही त्यांचाच आहे, आणि मोनोपॉलीसुद्धा. त्यांनी दोन्हींचे अर्थ विचारले. मत, आणि सगळं एकाच्याच हातात. "मग?" म्हणाल्या. "आत्ता कळलं तुला?"

गठ्ठा उतरत होता. शेवटचं प्रकरण दोन एस जोडीने येणाऱ्या शब्दांचं, तेवढंच उरलं होतं आणि सोमवार चार दिवसांवर होता. माझ्या जिवात जीव आला होता. त्याच संध्याकाळी हात ठणकायला लागला. सकाळी पट्टीखालून वास यायला लागला, आणि शेजारणीच्या आग्रहाने मी दवाखान्यात गेले ती तिथेच अडकले. जखमेत पू झाला होता. पुन्हा कापलं, साफ केलं, आणि सोमवार सकाळपर्यंत हलायचं नाही म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि खोटं बोलायला अजून शिकल्या नव्हत्या. मी विचारलं, बोटं कधी चालतील? त्या म्हणाल्या, "अंगठा आणि करंगळी ठीक राहतील. मधली तीन पूर्वीसारखी वाकतील असं मी सांगू शकत नाही. घरातलं बरंच जमेल तुम्हाला. टायपिंग मात्र सोडा."

मी भिंतीकडे तोंड केलं. आतापर्यंत सगळं महिन्याभरावर टेकून उभं होतं, तो टेकूच गेला.

रविवारी शेजारीण कपडे आणि डबा घेऊन आली. ही वरच्या मजल्यावर शिवणकाम करते, बोलायला मोकळी. मी दाराकडे बघत विचारलं, "आई कुठे आहेत?"

"बोलावलं मी. नाही म्हणाल्या."

"नाही म्हणाल्या?"

"दारही नीट उघडलं नाही. फटीतून म्हणाल्या, मला वेळ नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वेळ नाही! मी इथे हात कापून पडलेय आणि सत्तरीला टेकलेल्या या बाईला वेळ नाही! घरात एकट्या, कामधाम काही नाही, आणि वेळ नाही! उरलेला दिवस मी त्या खाटेवर पडून लग्नापासूनचे त्यांचे एकूण एक शब्द आठवले आणि प्रत्येकाला उत्तर तयार केलं. उत्तरं इतकी चांगली सुचत होती की हाताचं दुखणं कळलं नाही.

सोमवारी सकाळी शेजारीणच मला घरी घेऊन आली. जिना चढताना मी पहिलं वाक्य घोळवत होते. दार लोटलेलं होतं. आत गेले तर सासूबाई स्टुलावर, टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या. उजव्या हाताचं पहिलं बोट सुजलेलं आणि शाईच्या फितीने नखापर्यंत काळं. शेजारी कागदांची नीट थप्पी, वर वजन म्हणून साखरेचा डबा.

मी वरचा कागद उचलला.

कागदावर शब्द नव्हतेच. इकडे एक ओ, मग रिकामं, मग एक एन. दुसऱ्या ओळीत मधेच एक एल, बरंच पुढे एक एन, बाकी पांढरं. पुढे तर ओळच नाही, एक मोठी मोकळी जागा. मग पुन्हा एक एच, ओ, पी, अंतर, एल. सगळी पानं तशीच. पाखरांनी दाणे टिपून उरलेले ठेवावेत तसं दिसत होतं.

"आई!"

त्या दचकून उठल्या. चष्मा शोधला. मला पाहिलं, हाताकडे पाहिलं. "आलीस? फार दुखतंय?"

"हे काय आहे?"

"माझं झालं," त्या म्हणाल्या. "तुझं राहिलंय."

"माझं म्हणजे?"

"तुझी अक्षरं. तुझ्या प्रत्येक अक्षराची जागा मी सोडलीय. लांब पट्टी दाबून, मोजून." त्यांनी एल आणि एनवर बोट ठेवलं. "हा बघ, निष्काळजीपणा." मग मोकळ्या ओळीवर. "आणि इथे आहे विमानातल्या बायका. हवाई सुंदऱ्या. एक अक्षर माझं नाही त्यात, मेल्यांच्या. तरी बारा वेळा पट्टी दाबली."

स्ट्युअर्डेसेस. खरंच बारा अक्षरं.

मी भडकले. काकांचा चांगला कागद होता, मोजका होता, आणि दुपारी ते येणार होते. "आई, असं कुणी टाइप करत नाही! जगात कुणी करत नाही! शब्द असा अर्धा नसतो!"

"का नसतो?" त्यांनी अगदी खरंच विचारलं. "मी तर महिनाभर अर्धाच टाइप करतेय."

मी कपाळावर हात मारायला गेले आणि तो पट्टीतला निघाला.

"तुम्ही सगळंच टाइप करायचं होतं ना, आई. माझी बटणं तिथेच होती. कागदावरचं चित्र बघून दाबली असती तरी चाललं असतं."

"तुझ्या बाजूला मी कशी हात लावणार?" त्या म्हणाल्या. आवाजात आश्चर्य होतं, जणू मी त्यांना कुणाचं कपाट उघडायला सांगितलं होतं. "तू येणार होतीस ना."

मी खाली बसले आणि रडले. लाज वाटली नाही. दवाखान्यात रचलेली सगळी वाक्यं त्या रडण्यात वाहून गेली, आणि जाऊ दिली मी त्यांना. शेजारणीला काय चाललंय ते कळेना. तिने मला पाणी दिलं, सासूबाईंना पाणी दिलं, मग स्वतः प्यायली आणि गेली.

मग मी पहिला कागद मशीनमध्ये घातला. रूळ फिरवून, सैल करून, त्यांच्या ओळीवर ओळ बसवली. ती कधीच अगदी नेमकी बसत नाही, केसभर वरखाली होतेच. त्यांच्या ओच्या अलीकडे माझा सी. ओवरून पट्टी दाबून पुढे. मोकळ्या जागेत माझी अक्षरं जाऊन बसायला लागली, आणि मला दिसलं की जागा बरोबर आहे. जवळजवळ सगळीकडे बरोबर. मोकळ्या ओळीवर मी डाव्या हाताने एका दमात स्ट्युअर्डेसेस मारला आणि सासूबाईंनी तिथेच अर्थ वाचला, आधी वाचलेला असूनही. काही ठिकाणी त्यांनी आयला एल समजून टाकलं होतं, दोन पानांत एक जागा कमी पडली होती. ती पानं आम्ही तिथल्या तिथे दोघींनी मिळून नव्याने केली. त्यांचं बोट इतकं सुजलं होतं की प्रत्येक टिचकीला त्या दात आवळत होत्या. मी म्हटलं, दुसऱ्या बोटाने मारा. म्हणाल्या, त्याला शिकवलेलं नाही.

पझेशन या शब्दापाशी आलो तेव्हा दार वाजलं. कोशकाका आले होते, आणि त्यांच्यामागे एक हमाल, दोरी खांद्यावर टाकून. मशीन न्यायलाच आले होते ते. मी दवाखान्यात असल्याचं त्यांच्या कानावर आलं असणार.

काकांनी टेबलावरचा एक कागद उचलला, तेवढाच अजून भरायचा होता. त्याच्याकडे बघत म्हणाले, "मशीन बिघडलंय का?"

"मशीनला काय धाड भरलीय," सासूबाई म्हणाल्या. "बसा, मास्तर. तिची अक्षरं यायची आहेत अजून."

काका बसले. हमाल दारातच उकिडवा बसला. मी मशीनमधला कागद पुरा केला, मग काकांच्या हातातला घेतला, लावला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भरला. ते एकदा माझ्या हाताकडे, एकदा स्टुलाकडे बघत होते. मग चिकटपट्टी लावलेली अकरा बटणं त्यांना दिसली. त्यांनी वाकून ती वाचली. बराच वेळ वाचली.

आता बोलायला हवं होतं. मी महिन्याभरापूर्वी एक थाप मारली होती आणि तिच्यावर दुसरी रचायची मला इच्छा नव्हती. मी म्हटलं, "काका, हात बरा होणार नाही. मधली बोटं गेली. यापुढे जे होईल ते असंच होईल, एक बाजू माझी, एक बाजू आईंची. अक्षरं थोडी वरखाली येतील. मशीन न्यायचं असेल तर न्या, पण हा गठ्ठा पुरा आहे, तो आधी घ्या."

सासूबाईंनी माझ्याकडे चटकन पाहिलं. बोटांचं त्यांना मी सांगितलं नव्हतं. काकांबरोबरच कळलं त्यांना. त्यांनी आपला काळा हात माझ्या पट्टीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला.

काकांनी पानं चाळली. वरखाली झालेल्या ओळींवरून बोट फिरवलं. "छापखान्याला वाचता आलं म्हणजे झालं," ते म्हणाले. मग सासूबाईंकडे वळले. "मावशी, हे सोपं नाही. तुम्हाला इंग्रजी येत नाही, वय झालंय, बोट बघा काय झालंय. किती दिवस करणार हे?"

"तुमचं पुस्तक संपेपर्यंत."

"आणि संपल्यावर?"

सासूबाईंनी जरा विचार केला. "दुसरं लिहा की," त्या म्हणाल्या.

काका हसले, मग चष्मा काढून पुसत बसले, आणि बराच वेळ तो पुसून होईना. अखेर त्यांनी पिशवीतून एक नवा गठ्ठा काढला. तो दुसऱ्या टायपिस्टसाठी आणलेला असणार. टेबलावर ठेवला, वर साखरेचा डबा ठेवला, आणि हमालाला म्हणाले, "चल, तुझी फेरी फुकट गेली. वाटेत चहा पाजतो तुला."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली. सासूबाई नव्या गठ्ठ्याचं पहिलं पान उचलून आपली अक्षरं शोधायला लागल्या होत्या.

आमच्यात असलं काही बोलायची पद्धत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना कधी गोड शब्द बोललेले नाही, आणि त्यांनीही मला नाही. तोंड उघडलं तर टोमणाच येतो, सवयच तशी. तरी त्या दुपारी माझं मन इतकं भरून आलं होतं की टोमण्याला त्यात जागाच नव्हती.

मी म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून माझं काम राहिलं. मी तुमचे फार फार आभार मानते."

त्यांनी पान खाली ठेवलं नाही, माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला वाटलं, आता म्हणतील, घरच्या माणसाचे कसले आभार, किंवा म्हणतील, जा, तोंड धुऊन ये.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा म्हटलं.